घडलेल्या भिंगाची कुंडली

भिंगांची रचना करणारं सॉफ्टवेअर भिंग पाहत नाही, आकडे पाहतं. पहिल्या पृष्ठभागाची वक्रता त्रिज्या, काचेची जाडी, काचेचं नाव, दुसऱ्या पृष्ठभागाची त्रिज्या, मग पुढच्या भिंगापर्यंतची हवेची फट, अशा ओळी भरत गेलं की एक तक्ता तयार होतो. या धंद्यात त्याला प्रिस्क्रिप्शन म्हणतात. कोड व्ही, झीमॅक्स, ऑस्लो यांसारखी सॉफ्टवेअर या तक्त्यातून हजारो किरण सोडतात आणि प्रत्येक किरण शेवटी कुठे जाऊन पडतो ते सांगतात. ठिपका बारीक आला की रचनाकार खूश होतो, नकाशे कारखान्यात जातात आणि काही आठवड्यांनी कागदात गुंडाळलेली भिंगं परत येतात.

परत येतं ते मात्र तक्त्यातलं भिंग नसतं. १०० मिलिमीटर त्रिज्या मागितलेली असते, मिळते १००.०८. जाडी दोन शतांश मिलिमीटरनं कमी भरते. एन-बीके७ या सर्वपरिचित काचेचा अपवर्तनांक कॅटलॉगात १.५१६८ छापलेला असतो. प्रत्यक्षात ज्या भट्टीच्या ज्या घाण्यातून तुमचा तुकडा निघाला, त्याचा अंक चौथ्या दशांशस्थळी थोडा इकडे-तिकडे असतो, आणि काच बनवणारी कंपनी मागितल्यास त्या घाण्याचं प्रमाणपत्र देते. पृष्ठभाग पूर्ण गोल नसतो, कुठे चिमूटभर उंच तर कुठे खोल असतो. यातलं काहीच कारागिराच्या निष्काळजीपणामुळे होत नाही. इतपत फरक चालेल, हे नकाशावर आधीच लिहून दिलेलं असतं.

बहुतेक भिंगांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते. स्वस्त दुर्बिणीचं भिंग मर्यादेत आहे ना, मग बसवा आणि पाठवा. काही कामांत मात्र हा फरक परवडत नाही. तिथे हातात आलेलं प्रत्येक भिंग मोजतात, ते आकडे तक्त्यात भरतात आणि सॉफ्टवेअरला नव्यानं विचारतात, ‘आता सांग, या खऱ्या भिंगांनी प्रतिमा कशी दिसेल? आणि ती सुधारायला मधल्या फटी किती ठेवू?’ भिंगं बदलता येत नसली तरी त्यांच्यामधल्या कड्या काही मायक्रॉन जाड-पातळ करता येतात. उत्तम प्रतीचे मोठे ऑब्जेक्टिव्ह असेच जुळवले जातात. कधी कधी तर मूळ तक्ताच उपलब्ध नसतो. १९९२मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांनी गॅलिलिओच्या भिंगांची आधुनिक उपकरणांनी तपासणी केली; तिथे मोजून येईल तीच कुंडली. डोळ्यांच्या दवाखान्यात कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढून देतात, त्यामागचा प्रकारही हाच. तुमच्या डोळ्याचा आराखडा कुणी काढून ठेवलेला नसतो, म्हणून बुबुळावरच्या त्या पारदर्शक पडद्याचे हजारो बिंदू मोजून तो उलटा मिळवायचा.

सांगायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात मोजलेला पृष्ठभाग सॉफ्टवेअरमध्ये घालणं हे प्रकाशकीतलं सर्वांत फसवं काम आहे असं माझं मत आहे. फसवं अशासाठी, की चूक झाली तरी सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही. उत्तर येतंच. नेटकं, रंगीत आणि चार दशांशस्थळांपर्यंत येतं.

आधी मोजतात कसं ते पाहू. एक पद्धत सुईची. हिऱ्याचं किंवा माणकाचं बारीक टोक भिंगाच्या पृष्ठभागावरून हळू सरकवायचं आणि त्याची वर-खाली हालचाल टिपायची. यातून मध्यातून जाणारी एक रेघ मिळते, अख्खा पृष्ठभाग नाही. त्या एका रेघेवरून भिंग सगळीकडून सारखंच आहे असं धरून चालावं लागतं. दुसरी पद्धत इंटरफेरोमीटरची. लेसरचा प्रकाश भिंगाच्या पृष्ठभागावर पाडायचा आणि परत आलेला प्रकाश एका अतिशय अचूक संदर्भ पृष्ठभागावरून आलेल्या प्रकाशात मिसळायचा. दोन्ही आकार जुळले तर पट्टे सरळ दिसतात. जिथे भिंग चुकलं असेल तिथे पट्टे वाकतात. हीलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर असते आणि प्रकाश जाऊन परत येत असल्यामुळे पृष्ठभाग त्याच्या निम्म्यानं, म्हणजे ३१६ नॅनोमीटरनं सरकला की पट्टा अख्खा एक घर सरकतो. दोन पट्ट्यांच्या मधलंही संगणक वाचू शकतो, त्यामुळे काही नॅनोमीटरपर्यंतचा उंचसखलपणा हाती लागतो.

या ‘जाऊन परत येण्या’तच पहिला सापळा आहे. यंत्रानं दिलेला आकडा तरंगाग्राचा, म्हणजे परत आलेल्या प्रकाशलाटेच्या आकाराचा, आहे की पृष्ठभागाचा? दोन्हींत दुपटीचा फरक असतो. फाइलच्या वरच्या कोपऱ्यात ते लिहिलेलं असतं, पण ज्यानं फाइल पाठवली त्यानं मधेच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून ती फिरवलेली असते, आणि मग कुणालाच खात्री नसते.

दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. इंटरफेरोमीटर पृष्ठभागाचा उंचसखलपणा नॅनोमीटरमध्ये सांगतो, पण भिंगाची त्रिज्या किती हे त्या नकाशात नसतं. मोजताना भिंग थोडं पुढे-मागे, थोडं कलतं बसलेलंच असतं. त्यामुळे आलेला कल आणि वक्रतेचा फरक हिशेबातून काढून टाकावा लागतो, आणि तो काढला की खऱ्या त्रिज्येची माहितीही त्याबरोबर जाते. ती वेगळी मोजतात. भिंग आधी अशा जागी ठेवायचं की प्रत्येक किरण पृष्ठभागाला लंब पडून आल्या वाटेनं परत जाईल. मग ते सरकवत अशा जागी न्यायचं की सगळे किरण पृष्ठभागावरच्या एका बिंदूवर एकवटतील. या दोन जागांमधलं अंतर म्हणजेच त्रिज्या. हे अंतर मोजणारी पट्टी चुकली तर नॅनोमीटरचा तो देखणा नकाशा एका चुकीच्या गोलावर चढतो. या वाक्याकडे पुढे परत यायचं आहे.

आता फाइल. समजा २५ मिलिमीटर व्यासाचं, १०० मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग आहे आणि यंत्रानं त्याचे २५६ उभे, २५६ आडवे बिंदू टिपले आहेत. म्हणजे ६५,५३६ आकडे आणि दोन बिंदूंमध्ये साधारण एक दशांश मिलिमीटर. झीमॅक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये असा नकाशा मूळ गोलाच्या वर ‘चढवायची’ सोय असते. फाइलच्या पहिल्या ओळीत बिंदूंची संख्या, त्यांच्यामधलं अंतर आणि एकक; त्याखाली एकामागोमाग एक उंची. आकडे मायक्रॉनमध्ये आणि एकक मिलिमीटर अशी गल्लत झाली तर ती लगेच कळते, कारण किरण भिंग सोडून भलतीकडे जातात. त्याहून वाईट आहे ती दिशांची गल्लत. यंत्राचा कॅमेरा प्रतिमा आरशासारखी पालटून दाखवतो की नाही? भिंगाची दुसरी बाजू मोजताना ते टेबलावर पालथं घातलं होतं, मग डावं-उजवं बदललं का? उंचवटा सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं प्रकाशाच्या दिशेनं आहे की उलट? यातलं एकही चुकलं तरी आकडे तितकेच राहतात, दोषाचं परिमाण तेवढंच राहतं, फक्त दोन भिंगांचे दोष जिथे एकमेकांना खोडायला हवेत तिथे ते एकमेकांत मिसळून वाढतात. म्हणून जाणते लोक भिंगाच्या कडेला घड्याळातल्या बाराच्या जागी पेनानं ठिपका देतात, आणि खऱ्या फाइलच्या आधी एक खोटी फाइल चालवून पाहतात. तिच्यात एकाच बाजूला ठळक टेंगूळ असतं. ते सॉफ्टवेअरमध्ये बरोबर जागी उगवलं तरच पुढची फाइल घ्यायची.

सगळं जुळलं, आता किरण सोडा. सोडले, आणि ठिपका चाळणीतून सांडलेल्या पिठासारखा फुटला! भिंग खराब आहे? बहुधा नाही. इथे थोडी आकडेमोड करणं भाग आहे, कारण या विषयातली खरी गोम तिच्यात आहे. मोजमापात दर बिंदूला १० नॅनोमीटरचा आगापिछा धरू. चांगल्या यंत्रातही तेवढा गोंगाट असू शकतो. शेजारच्या दोन बिंदूंच्या उंचीत १० नॅनोमीटरचा खोटा फरक आणि त्यांच्यातलं अंतर एक दशांश मिलिमीटर, म्हणजे उताराची चूक दहा हजारात एक. सॉफ्टवेअरला किरण वाकवताना उंची नव्हे, उतार लागतो. काचेतून जाताना किरण त्या उताराच्या साधारण निम्म्यानं भरकटतो, म्हणजे वीस हजारात एक. १०० मिलिमीटर पुढे पडद्यावर ही चूक ५ मायक्रॉन होते. या भिंगाचा आदर्श ठिपका, प्रकाशाच्या तरंगस्वभावामुळे ज्याहून लहान तो होऊच शकत नाही, त्याची त्रिज्या २.७ मायक्रॉन आहे. म्हणजे निव्वळ मोजण्यातल्या गोंगाटानं सॉफ्टवेअरमधलं भिंग बिघडवलं. तोच गोंगाट तरंगाग्राच्या हिशेबात पाहिला तर १० नॅनोमीटरचे काचेतून जाताना ५ नॅनोमीटर उरतात, हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. खऱ्या भिंगाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

म्हणून कच्चे आकडे जसेच्या तसे घालत नाहीत. त्यांच्यातून एक गुळगुळीत आकार काढतात. त्यासाठी डच भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके यानं १९३४मध्ये मांडलेल्या बहुपदी वापरतात. हा तोच झेर्निके, ज्याला फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकासाठी १९५३चं नोबेल मिळालं. वर्तुळाकार पृष्ठभागाचा कोणताही उंचसखलपणा त्याच्या बहुपदींच्या बेरजेनं लिहिता येतो. एक पद कलतेपणाचं, एक वक्रतेचं, एक खोगिरासारख्या वाकाचं, एक गोलीय विपथनाचं. साठ-पासष्ट हजार आकड्यांच्या जागी ३७ गुणांक येतात आणि प्रत्येकाला अर्थ असतो. गोंगाट आपोआप गळून पडतो.

पण त्याबरोबर खरंही काही गळतं. हिऱ्याच्या धारेनं कातलेल्या भिंगावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक वर्तुळाकार रेषा राहतात, पॉलिशच्या शेवटच्या हातानं अगदी कडेला उतरण येते; ३७ गुणांकांना हे दिसतच नाही. तिथे माझा कौल असा : ढोबळ आकारासाठी बहुपदी वापराव्यात, आणि उरलेला बारीक खडबडीतपणा प्रकाश किती विखुरेल याच्या वेगळ्या हिशेबात घ्यावा. दोन्ही एकाच फाइलमध्ये कोंबण्याचा मोह टाळलेला बरा.

बहुपदींचाही एक सापळा आहेच. त्यांना क्रमांक देण्याच्या एकाहून अधिक पद्धती रूढ आहेत. फ्रिंज नावाच्या पद्धतीत नववं पद गोलीय विपथनाचं. रॉबर्ट नोल यानं १९७६मध्ये रुळवलेल्या पद्धतीत नववं पद तीन पाकळ्यांच्या आकाराचं आणि गोलीय विपथन अकराव्या क्रमांकावर. शिवाय नोलच्या पद्धतीत त्या पदाला पाचाच्या वर्गमुळाचा गुणक लागतो, म्हणजे जागा बरोबर ओळखली तरी आकडा २.२४ पटीनं चुकू शकतो. नुसती गुणांकांची यादी पाठवून ‘झेर्निके जोडले आहेत’ असं लिहिणाऱ्यानं निम्मीच माहिती पाठवलेली असते.

हे सगळं सांभाळलं तरी एक प्रश्न उरतो, आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरच्या हाताबाहेरचा आहे. मोजणारं यंत्र बरोबर होतं का? या प्रश्नाचं सर्वांत महागडं उत्तर १९९० साली मिळालं.

हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी यानातून अंतराळात गेली. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. आरसा म्हणजे भिंग नव्हे हे खरं, पण सॉफ्टवेअरच्या तक्त्यात दोघांची ओळ सारखीच असते, त्रिज्या आणि आकार. आरशाची वक्रता त्रिज्या ११.०४ मीटर, आणि आकार दाखवणारा दुसरा आकडा म्हणजे शांकव स्थिरांक. हा शून्य असला तर पृष्ठभाग गोल, उणे १ असला तर अन्वस्त, आणि उणे १च्याही खाली गेला तर अपास्त. हबलच्या रचनेत तो उणे १.००२३ हवा होता.

जूनपर्यंत कळून चुकलं, की तारे नीट एकवटत नाहीत. एका ताऱ्याच्या प्रकाशातला ७० टक्के भाग एक दशांश कोनीय सेकंद त्रिज्येच्या ठिपक्यात यायला हवा होता. येत होता तो सुमारे १५ टक्के. बाकीचा भोवती धुरासारखा पसरलेला. लक्षण गोलीय विपथनाचं होतं. आरशाच्या कडेकडून येणारे किरण आणि मध्याकडून येणारे किरण वेगवेगळ्या अंतरावर एकत्र येत होते.

आता दुरुस्ती करायची तर नुसतं ‘आरसा चुकला’ हे कळून भागत नाही. किती चुकला ते हवं. आरसा पृथ्वीपासून जवळपास ६०० किलोमीटर उंचीवर फिरतोय. त्याच्यावर इंटरफेरोमीटर लावता येत नाही. मग घडलेल्या आरशाचा खरा तक्ता मिळवायचा कसा? दोन वाटा होत्या, आणि शहाणपण असं की दोन्ही घेतल्या गेल्या.

पहिली वाट कारखान्यातून जात होती. आरसा पर्किन-एल्मर कंपनीनं कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी इथे पॉलिश केला होता. गोल नसलेला आरसा इंटरफेरोमीटरवर थेट तपासता येत नाही; हबलचा आरसा त्याच्या मध्यावरच्या गोलापासून कडेला १९३ मायक्रॉन दूर जातो, म्हणजे पट्ट्यांची इतकी गर्दी की काही वाचताच येऊ नये. म्हणून मधे एक नल करेक्टर बसवतात. हबलसाठीच्या उपकरणात दोन लहान आरसे आणि एक भिंग होतं. आरसा अगदी हव्या त्या आकाराचा असेल तर या उपकरणातून परत येणारा प्रकाश बिनचूक गोल तरंगाग्राचा व्हावा आणि पट्टे सरळ दिसावेत, अशी त्याची मांडणी. पट्टे सरळ होईपर्यंत पॉलिश करत राहायचं. तसंच केलं गेलं, आणि अप्रतिम केलं गेलं. आरसा ठरलेल्या आकाराशी १० नॅनोमीटरच्या घरात जुळत होता. फक्त तो ‘ठरलेला’ आकार नल करेक्टरनं ठरवलेला होता.

जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचे (जेपीएल) तेव्हाचे संचालक ल्यू ॲलन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमलं गेलं. मंडळाचं नशीब म्हणायचं, आरसा तपासताना वापरलेलं ते उपकरण डॅनबरीत अजून तसंच्या तसं उभं होतं. मंडळानं ते मोजायला लावलं. भिंगाची जागा १.३ मिलिमीटरनं चुकलेली निघाली. नॅनोमीटरच्या कामात १.३ मिलिमीटर! जुळवणी करताना अंतरं मोजायला इन्व्हार या तापमानानं फारशा न बदलणाऱ्या मिश्रधातूच्या दांड्या वापरल्या होत्या. दांडीच्या टोकावर एक टोपी, टोपीला मधोमध बारीक छिद्र. लेसर त्या छिद्रातून आत जाऊन दांडीच्या टोकावरून परत यायचा. टोपीवर प्रकाश न परतवणारा काळा रंग होता. एके ठिकाणी रंगाचा टवका उडालेला होता आणि लेसर छिद्रातून आत जाण्याऐवजी तिथल्या उघड्या धातूवरूनच परतला. त्या चुकीच्या अंतरावर भिंग नेताना मूळ बैठकीत ते तेवढं सरकेना, तेव्हा खाली वॉशर सरकवले गेले. ती हरकत घ्यायची जागा होती. पहिला इंच फाटलेल्या टेपनं माप घेणारा शिंपी कितीही कुशल असला तरी प्रत्येक बाही तेवढ्यानंच चुकणार, आणि शिलाई पाहून कुणाला काही कळणार नाही.

आता सॉफ्टवेअरचं काम सुरू होतं. नल करेक्टरच्या तक्त्यात आराखड्यातलं अंतर खोडून मोजलेलं अंतर लिहायचं, आणि प्रश्न उलटा विचारायचा : या बिघडलेल्या उपकरणात सरळ पट्टे दिसण्यासाठी आरसा कोणत्या आकाराचा असायला हवा? उत्तर आलं, शांकव स्थिरांक उणे १.०१४च्या आसपास. जतन करून ठेवलेले तपासणीच्या काळातले पट्ट्यांचे फोटो नव्यानं वाचले गेले. तेही त्याच बाजूनं बोलत होते.

या आकड्याची पडताळणी वाचकाला कागद-पेन्सिलीनंही करता येईल. या आरशात शांकव स्थिरांक पूर्ण १ नं बदलला तर कडेची उंची किती बदलते ते काढायचं : अर्धव्यासाचा चतुर्थ घात भागिले वक्रता त्रिज्येच्या घनाची आठपट. १.२चा चतुर्थ घात २.०७, ११.०४चा घन सुमारे १,३४६, त्याची आठपट साधारण १०,७६५. भागाकार १९३ मायक्रॉन. वर आलेला आकडा तोच. हव्या असलेल्या आणि मिळालेल्या स्थिरांकातला फरक सुमारे ०.०११६. त्याला १९३नं गुणलं की २.२ मायक्रॉन. हबलच्या आरशाची कड एवढीच जास्त सपाट झाली होती. प्रकाश परतताना ही चूक दुप्पट होते, म्हणजे कडेला जवळपास साडेचार मायक्रॉन, हिरव्या प्रकाशाच्या आठ तरंगलांबी. जिथे तरंगलांबीचे अंश मोजायचे तिथे अख्ख्या आठ!

दुसरी वाट आकाशातून जात होती. दुर्बिणीनं टिपलेल्या बिघडलेल्या ताऱ्याच्या प्रतिमेतच आरशाची कुंडली दडलेली असते. मुद्दाम नाभीच्या थोडं पुढे, थोडं मागे प्रतिमा घ्यायच्या, संगणकात आरशाचा एक अंदाजी आकार धरून तशाच प्रतिमा काढून पाहायच्या, आणि दोन्ही जुळेपर्यंत अंदाज बदलत राहायचा. जेम्स फिनअपसारख्या संशोधकांनी हे गणित चालवलं. जेपीएलमध्ये डेव्हिड रेडिंग आणि सहकाऱ्यांनी तर अख्ख्या दुर्बिणीचा तक्ताच प्रतिमांवरून परत मिळवायचा प्रयत्न केला. काम जिकिरीचं होतं. प्रतिमेत फक्त मुख्य आरशाचा दोष नसतो. कॅमेऱ्यातल्या आतल्या आरशांचे दोष, दुय्यम आरशाचं किंचित कलणं, आरसा धरणाऱ्या पकडींच्या सावल्या, सगळं त्यात मिसळलेलं असतं. कुणाचा वाटा किती, हे वेगळं काढताना वेगवेगळ्या गटांची उत्तरं थोडी वेगवेगळी येत.

दोन्ही वाटांची उत्तरं जवळ आली तेव्हाच कामाला हात घातला गेला. रॉचेस्टर विद्यापीठाचे डंकन मूर यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र गटानं सगळे आकडे तपासले आणि उणे १.०१३९च्या आसपासचा स्थिरांक पक्का झाला. मला हबलच्या सगळ्या कहाणीत हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. अंतराळवीरांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आकडा पक्का करणाऱ्यांचे फोटो नाहीत.

आणि इथेच जुन्या चुकीचं खरं रूप दिसतं. दोष पकडण्याची संधी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मिळाली होती. नल करेक्टर तपासायला एक दुसरं उपकरण होतं. त्यात पट्टे वाकडे दिसले. आरशाची त्रिज्या मोजायला नुसत्या भिंगांचा एक साधा करेक्टर होता. त्यातही गोलीय विपथन दिसलं. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच काढला गेला. ही उपकरणं मुख्य उपकरणाइतकी अचूक नाहीत, म्हणून ती चुकत असणार. ती कमी अचूक होती हे बरोबरच होतं. पण ती ज्या दोषाकडे बोट दाखवत होती तो त्यांच्या चुकीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी मोठा होता. एका यंत्राच्या अचूकपणावर इतका विश्वास, की बाकीच्या दोघांची साक्ष नोंदवून बाजूला ठेवली गेली. दुर्बीण उडण्याआधी ती अख्खी जुळवून एकदा ताऱ्यासारख्या प्रकाशावर तपासायची, तेही खर्चापायी राहिलं.

दुरुस्तीचं तत्त्व मग सरळ होतं. आरशाचा दोष अगदी तंतोतंत माहीत असेल तर तेवढाच उलटा दोष दुसऱ्या एखाद्या आरशावर मुद्दाम घडवता येतो. नव्या वाइड फील्ड कॅमेऱ्यात एक सोय आयती होती. त्याच्या आतल्या छोट्या दुय्यम आरशांवर मुख्य आरशाचीच प्रतिमा पडत असे, म्हणून उलटा आकार त्यांच्यावर घडवला. पण नाण्याएवढ्या आरशावर २.४ मीटरच्या आरशाचा दोष खोडायचा तर ती प्रतिमा त्याच्यावर अगदी मधोमध पडली पाहिजे; ती जराशी बाजूला सरकली तरी गोलीय विपथन जाऊन त्या जागी ताऱ्यांना शेपट्या फुटतात. हेही मॉडेलमधूनच आधी कळलं, आणि प्रतिमा अंतराळात असतानाच सरकवता यावी म्हणून कॅमेऱ्यात हलवता येणारे आरसे बसवले गेले. बाकीच्या तीन उपकरणांसाठी बॉल एरोस्पेस कंपनीत कॉस्टार नावाची पेटी बनली. तिच्यात नाण्यांएवढ्या आरशांच्या पाच जोड्या होत्या आणि त्यांची प्रकाशीय रचना मर्क बोटेमा यांची होती. यावेळी तपासणीत कंजुषी नव्हती. हबलचा दोष मुद्दाम तयार करणारी उपकरणं बांधून त्यांच्यावर कॉस्टार चालवून पाहिला, आणि ती उपकरणंही बनवणाऱ्यांपेक्षा वेगळ्या लोकांकडून मोजून घेतली.

डिसेंबर १९९३मध्ये एंडेव्हर यानातल्या अंतराळवीरांनी दोन्ही बसवलं. जानेवारी १९९४मध्ये एम-१०० दीर्घिकेचं नवं छायाचित्र प्रसिद्ध झालं आणि आकडा बरोबर असल्याचं उघड झालं.

आरसा मात्र आजही तोच आहे, २.२ मायक्रॉननं चुकलेला. त्यानंतर हबलवर गेलेली नवी उपकरणं ही चूक गृहीत धरूनच घडवली गेली. प्रत्येकाच्या आत स्वतःची दुरुस्ती आहे. त्यामुळे कॉस्टारचं काम संपलं. २००९च्या शेवटच्या दुरुस्ती मोहिमेत तो काढून पृथ्वीवर आणला आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे गेला. हबलच्या चालू उपकरणांचं मॉडेल आज कुणी सॉफ्टवेअरमध्ये उघडलं, तर मुख्य आरशाच्या ओळीत त्याला आराखड्यातला उणे १.००२३ ठेवून चालत नाही; मोजून मिळालेला आकडाच लिहावा लागतो.